खडीच्या रस्त्याने माणदेशात

सहलीचा बेत ठरू लागला की पहिला प्रश्न निघतो तो "कोठे जावयाचे?" हा. दुसरा, "उतरावयाचे कोठे?" आणि तिसरा, अर्थातच, "जेवणाचे काय?" रस्ता कोणता घ्यावयाचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. रस्ता म्हणजे पोहोचण्याचे केवळ एक साधन. तो जितका लवकर सरेल तितका बरा, अशीच बहुतेकांची समजूत असते. हल्लीचे हमरस्तेही त्या समजुतीला धरूनच बांधलेले आहेत. सहापदरी रस्त्यावरून जाताना दुतर्फाची गावे कुंपणापलीकडे राहतात, त्यांच्या नावांचे हिरवे फलक डोक्यावरून निघून जातात आणि आपण कोणत्या मुलखातून चाललो आहो, हे पुढच्या टोलनाक्यापर्यंत कळत नाही. शनिवार-रविवारी तर पुण्या-मुंबईच्या मंडळींना या रस्त्यांवर निसर्गाऐवजी पुढच्या मोटारीचा मागचा दिवाच अधिक पाहावयास मिळतो.

म्हणून गेल्या पौषात आम्ही चार कुटुंबांनी आधी रस्ता ठरविला आणि गाव मागाहून. अट एकच होती. दोन दिवसांपैकी निदान निम्मा प्रवास डांबर सोडून खडीच्या आणि मुरमाच्या रस्त्यांनी व्हावा. मंडळी एकूण तेरा. त्यांत पाच मुले. गाड्या तीन. आमच्यातील एक स्नेही सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांना आम्ही सगळे "काका" म्हणतो. दुसरा एक तरुण मित्र नुकतीच उंच चाकांची नवी गाडी घेऊन बसला होता आणि तिला साजेसा रस्ता त्याला अद्याप मिळाला नव्हता. तेव्हा बेताला अनुमोदन देण्यात तोच सर्वांच्या पुढे होता, हे सांगावयास नकोच.

मुलूख निवडला माणदेशाचा. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे. तेथे पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस झाला म्हणजे ते साल बरे म्हणावयाचे. सह्याद्रीने ढग अडवून घ्यावे आणि पलीकडच्यांनी आभाळाकडे पाहत बसावे, असा हा जुना व्यवहार आहे. महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावणारी माण नदी आग्नेयेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. तिच्या दोन्ही काठांचा, सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत विभागलेला हा प्रदेश मराठी वाचकांस व्यंकटेश माडगूळकरांमुळे घरचा वाटतो. 'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली १९५५ साली. त्या कादंबरीचा मुलूख प्रत्यक्ष पाहावा, अशी आमच्यातील दोघींची फार दिवसांची इच्छा होती. तीही या निमित्ताने पुरी होणार होती.

पुण्याहून पहाटे निघून साताऱ्यास चहा घेतला. तेथून पंढरपूरकडे जाणारा रस्ता कोरेगाव सोडून वर्धनगडाच्या पायथ्याने घाट चढतो आणि पुसेगावाशी उतरतो. या एका घाटाने देश बदलतो. अलीकडे ऊस, हळद, आले; पलीकडे उघडे माळ, बाभळी, मेंढ्यांचे कळप आणि दूरवर सपाट माथ्यांचे डोंगर. अलीकडच्या वर्षांत उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचे पाणी पूर्वेकडे काही भागांत पोहोचले आहे. त्यामुळे माळाच्या मध्येच हिरवा चौकोन दिसतो आणि डोळा क्षणभर चकतो. दहिवडी आणि गोंदवले मागे टाकून म्हसवडच्या अलीकडे आम्ही मुख्य रस्ता सोडला. फाट्यावर पाटी नव्हती. एक लिंबाचे झाड, त्याखाली दुधाचे रिकामे कॅन, आणि शेतांमधून दूर जाणारी तपकिरी रेघ, एवढीच खूण.

खडीचा रस्ता पहिल्याने कानांना जाणवतो. डांबरावर चाकांचा जो एकसुरी आवाज असतो, तो एकदम थांबतो आणि खालून कुरकुर, टणटण, मधूनच गाडीच्या पोटाला लागलेल्या खड्याचा ठणका ऐकू येऊ लागतो. मग हातांना जाणवतो, कारण सुकाणूचे चाक सैल धरावे लागते. घट्ट आवळले तर प्रत्येक दगडाशी भांडण होते. आणि सर्वांत शेवटी जाणवतो तो मनाला. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही, हे एकदा पटले की गाडीतली माणसे बोलू लागतात. आमच्या गाडीतील दोन मुलांनी हातांतले मोबाईल आपण होऊन खाली ठेवले. त्या हादऱ्यांत पडद्यावरचे काही दिसतच नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. काचा खाली झाल्या. करडईची पिवळी फुले, बांधावर बसलेला खंड्या, मोटेची पडकी धाव असलेली विहीर हे सारे आता फलकासारखे सरकत नव्हते. ते थांबून आमच्याकडे पाहत होते.

या रस्त्यामागे शास्त्र आहे, आणि ते काकांनी पहिल्या विसाव्याला आम्हांस समजावून दिले. खडीच्या रस्त्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो जॉन लाउडन मॅकॲडम स्कॉटलंडात १७५६ साली जन्मला. त्याच्यापूर्वी रस्ता म्हणजे खाली मोठमोठे धोंडे आणि वर माती, असा प्रकार असे. मॅकॲडमने सांगितले की भार तोलते ती खालची जमीन, दगड नव्हे. फक्त ती जमीन कोरडी राहिली पाहिजे. याकरिता रस्ता आजूबाजूच्या पातळीहून थोडा उंच करावा, मध्यभागी किंचित फुगीर ठेवावा, कडेला चर काढावे आणि वर सारख्या आकाराच्या, कोन असलेल्या फोडीव दगडांचा थर द्यावा. सहा औंसांहून जड दगड त्यात जाऊ नये, अशी त्याची ताकीद असे. गोल गोटे चाकाखाली घरंगळतात. फोडीव खडीचे कोन एकमेकांत अडकतात आणि रहदारीनेच ती अधिक घट्ट बसते. पुढे रोलर आला, खडीवर मुरूम आणि दगडाची कच पसरून पाणी मारून दाबण्याची रीत आली, आणि तीच आमच्याकडे खेडोपाडी रूढ झाली. बैलगाडीची लोखंडी धाव खडीचे पीठ करी आणि ते पीठ फटींत बसून रस्ता बांधला जाई. रबरी चाकांची वेगवान मोटार आली तेव्हा उलटे झाले. ती फटींतले पीठ उपसून हवेत उधळू लागली. डांबराची गरज निर्माण झाली ती पुष्कळ अंशी या धुळीमुळे.

"म्हणजे आपण मागे जो धुरळा सोडतो आहो तो रस्ताच आहे तर!" आमच्यातील एक बाई म्हणाल्या. काकांनी मान हलविली. "रस्ताच. थोडा थोडा हवेत जातो."

वाटेत एका लांब, सरळ टप्प्यावर रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झाला होता. आडव्या लाटांमागून आडव्या लाटा. गाडीचा प्रत्येक स्क्रू बोलू लागला. आमच्या तरुण मित्राचे मत असे की हे पावसाने झाले असावे. ते खरे नाही. १९६० नंतरच्या दशकात मॅथर या शास्त्रज्ञाने वाळूच्या वर्तुळावर चाक फिरवून दाखविले होते, आणि टोरांटो, केंब्रिज व लिआँ येथील संशोधकांनी चालू शतकात त्याचीच अधिक बारकाईने परीक्षा केली. सुट्या पृष्ठभागावरून चाक एका ठराविक वेगाहून अधिक वेगाने गेले की लहानशा उंचवट्यावरून ते उसळते, पुढे आदळते, तेथे खळगा पडतो, त्यापुढे पुन्हा उंचवटा होतो. आणि ही लाट पुढे पुढे सरकत राहते. वेग त्या मर्यादेखाली ठेवला तर पृष्ठभाग सपाटच राहतो. ती मर्यादा मात्र इतकी कमी आहे की मोटारवाला ती कधीच पाळणार नाही. बैलगाडी पाळीत असे.

आता धुळीविषयी थोडे अधिक लिहावयास हवे. कारण सहलीला जाणाऱ्या मंडळींचे लक्ष स्वतःच्या गाडीवर बसणाऱ्या धुळीकडे असते, दुसरीकडे नसते. पौषात माणदेशात ज्वारीची कणसे भरत असतात. रस्त्याकडेच्या चार-पाच ओळींच्या ताटांवर पाहिले तर पाने हिरवी नसून तपकिरी दिसतात. घर रस्त्याला लागून असेल तर अंगणातील वाळवण, रांजणातले पाणी, दोरीवरचे धुतलेले कपडे, सर्वांवर तीच साय. एका घरापुढे आमची पहिली गाडी जोरात गेली आणि ओट्यावर धान्य पाखडीत असलेल्या बाईने काही न बोलता सुपावर पदर धरला. तिच्या त्या सवयीच्या हालचालीत तक्रार नव्हती, म्हणूनच ती अधिक लागली. पुढच्या वळणावर आम्ही थांबलो आणि ठरविले की वस्ती दिसली की दुसरा गिअर. दोन गाड्यांत इतके अंतर ठेवावयाचे की मागच्याला पुढच्याची धूळ खावी लागू नये. वळणाशी मात्र मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबावयाचे. मेंढ्यांचा कळप आला की इंजिन बंद. कळपाला वाट काढून देण्याचे काम धनगराचा कुत्रा आपल्याहून चांगले करतो, हॉर्नची त्याला मदत होत नाही.

दुपारी दोनच्या सुमारास नव्या गाडीचेच चाक बसले. मोठ्या चाकाला खडी बाधत नाही, ही समजूत चुकीची आहे. ताज्या फोडलेल्या खडीची धार रबराची लहानमोठी पर्वा करीत नाही. गाडी एका वस्तीजवळ उभी राहिली. पंधरा-वीस घरे, एक हातपंप, समाजमंदिराची खोली, चिंचेखाली बांधलेली दोन खिल्लारी खोंडे. पुरुषमंडळी जॅक आणि पाना काढीत होती तोच एक वृद्ध बाई काठी टेकीत आल्या आणि चाक बदलण्याचे काम जमिनीवर उकिडव्या बसून पाहू लागल्या. मग त्यांनी आमच्यातील बायकांना घरात बोलावून चहा केला. गुळाचा, बिनदुधाचा. "शेरडं माळावर गेल्याती," म्हणाल्या, "सांजंला आला असता तर दूध व्हतं."

चहा पिताना आमच्या तरुण मित्राने दारातूनच रस्त्याची वाखाणणी सुरू केली. शहरात असला रस्ता पाहावयास मिळत नाही, येथे कसे मोकळे वाटते, हे असेच राहिले पाहिजे, डांबर आले की सगळी मजा जाईल, इत्यादि. आजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "बाबा, ही खडी कुणी फोडली, ठावं हाय का?"

आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

"ह्या हातानं फोडलीया. भात्तरला. लगीन हून दोन वर्सं झाल्ती माजं."

बहात्तरचा दुष्काळ. महाराष्ट्रातील ज्यांनी वयाची साठी ओलांडली आहे त्यांच्या घरी हा शब्द अद्याप उच्चारला जातो. इतर प्रांतांतील वाचकांसाठी चार ओळी लिहितो. १९७० पासून पाऊस कमी कमी होत आला होता आणि १९७२ चा पावसाळा पुरता गेला. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, शेतांच्या ताली, आणि रस्ते. रस्त्यासाठी खडी लागे आणि खडी हातांनी फोडावयाची होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. मजुरांत बायका मोठ्या संख्येने होत्या. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, या दोन शब्दांनी ते साल आजही ओळखले जाते.

आजी सांगत होत्या. डोंगराच्या कडेने काढलेले धोंडे पुरुष घणाने फोडीत. त्याचे लहान तुकडे बायका बसून हातोडीने करीत. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर कपाळावरून खाली ओढून घ्यावयाचा. बोटांना चिंध्या. फोडलेल्या खडीचे चौकोनी ढीग घालावयाचे, मुकादम फूटपट्टी घेऊन ते मोजी. शंभर घनफूट भरले की एक ब्रास. ढीग नीट रचला नाही, मध्ये पोकळी राहिली, की मोजणीत कापी. "माजी थोरली ल्येक तवा सा म्हयन्याची. बाभळीला झोळी बांदायची, आन् तिच्याकडं तोंड करून बसायचं." एवढे सांगून त्या थांबल्या आणि कपबश्या गोळा करू लागल्या.

मॅकॲडमनेही आपल्या लेखनात खडी बसून, लहान हातोडीने फोडावी, हे काम बायका, मुले आणि म्हातारी माणसे करू शकतील, असे लिहून ठेवले आहे. काकांनी ही गोष्ट सकाळी सांगितली होती तेव्हा आम्ही कौतुकाने ऐकली होती. आता त्यांनी तिचा पुन्हा उल्लेख केला नाही.

या दुष्काळातून पुढे जे निघाले ते देशाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारवर बंधनकारक असावे, या कल्पनेचा पाठपुरावा विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी केला. ते सांगली जिल्ह्यातील विसापूरचे, म्हणजे माणदेशाचे शेजारीच. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, हे त्याचे सार. २००५ साली संसदेने देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता. आणि पैसा? त्यासाठी १९७५ साली शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात तो आजही दिसतो. बहुतेकांस महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. आमच्यातील सहा जण तो वर्षानुवर्षे भरीत आले आहेत. त्या कपातीचा आणि खडीच्या ढिगांचा संबंध मात्र त्या दुपारपर्यंत कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

तरुण मित्राने विचारले, "मग आजी, रस्ता डांबरी व्हावा असे वाटते का?"

यावर त्या जे बोलल्या ते सारे येथे देता येणार नाही. धाकट्या सुनेला बाळंतपणासाठी म्हसवडला न्यावयाची होती, रात्रीची वेळ, जीप मिळाली. पण हा सात-आठ किलोमीटरचा टप्पा. "गाडी हळू घ्या म्हनावं तर पोचत न्हाई, जोरात घ्या म्हनावं तर तिला सोसत न्हाई. काय सांगावं डायवरला?" सून आणि मूल सुखरूप आहेत, नातू समोरच कोंबडीच्या मागे धावत होता. परंतु प्रश्न विचारून झाल्यावर आजींनी जो आमच्या तोंडाकडे पाहत क्षण घेतला, त्यात उत्तराची अपेक्षा होती, आणि उत्तर कोणाजवळ नव्हते.

काकांजवळ थोडे होते, पण ते त्यांनी रात्री दिले. आमचा मुक्काम म्हसवडजवळ आमच्यातील एकाच्या मामांच्या शेतावर होता. आगटी पेटविली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजून मामा हातावर चोळून गरम हुरडा काढून देत होते, सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी. थंडी मी म्हणत होती. तेव्हा वस्तीला डांबर का पोहोचत नाही, यावर वाद पेटला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि तिने देशातील असंख्य गावे बारमाही रस्त्याने जोडली, हे निर्विवाद आहे. तथापि तिच्या सुरुवातीच्या निकषाप्रमाणे सपाट मुलखात पाचशे आणि डोंगराळ, आदिवासी वा वाळवंटी भागात अडीचशे लोकसंख्येची वस्ती असावी लागे. माणदेशातील माणूस असा एकत्र राहतच नाही. मेंढरे, विहीर आणि रान जेथे असेल तेथे तो घर बांधतो. पंधरा घरे येथे, वीस घरे तेथे. गाव जोडले जाते, वाडी मागे राहते. तिचा रस्ता मग जिल्हा परिषद, आमदारांचा निधी, पाणंद रस्त्याची योजना अशा वेगवेगळ्या दारांशी उभा असतो.

तरुण मित्र आता पुरता उलट बाजूस गेला होता. प्रत्येक वस्तीला तत्काळ डांबर मिळालेच पाहिजे, असे तो तावातावाने सांगू लागला. काकांनी त्यालाही मान्यता दिली नाही. त्यांचे म्हणणे असे की खालचा थर कच्चा असताना वर दिलेले डांबर दोन पावसाळ्यांत सोलून निघते, आणि मग जे राहते ते खडीच्या रस्त्याहून वाईट असते. कारण खडीचा खड्डा पाटीभर मुरमाने भरता येतो, डांबराचा खड्डा ठेकेदाराची वाट पाहतो. "डांबर ही छत्री आहे," ते म्हणाले, "अंगात बळ खडीने यावयाचे. उसाच्या ट्रॉल्या जावयाच्या असतील तर आधी पाया, मोऱ्या आणि कडेचे चर. पाणी बाहेर गेले की निम्मा रस्ता झाला." माझे स्वतःचे मत काकांच्या बाजूचे आहे, परंतु त्या जीपमध्ये जी सून होती तिने पाया पक्का होईपर्यंत थांबावे, असे मला म्हणता येणार नाही. मामांनी या वादात एकच भर घातली. आजींच्या वस्तीचा रस्ता मंजूर झालेला आहे. खडीचे ढीग येऊनही दोन वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेवाडीचा तलाव पाहिला. माणदेशाच्या उन्हात एवढे पाणी एकदम समोर आले की मुले गप्प झाली. हा विस्तीर्ण तलाव माण नदीच्या खोऱ्यात इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. या मुलखात पाहण्याजोगे जे मानवनिर्मित आहे, त्यातील पुष्कळसे पाण्याच्या तुटीने करविलेले आहे. त्याच दिवशी दुपारी शिखर शिंगणापुरी गेलो, तेथेही तेच. महादेवाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून मालोजीराजे भोसल्यांनी तेथे तळे बांधले. चैत्रात येथे यात्रा भरते आणि सासवडहून येणारी भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाने वर चढते. तो चढ आम्ही वरून पाहिला आणि खडीच्या रस्त्याविषयीची आमची उरलीसुरली कुरकुर बंद झाली. तेथून घाट उतरून फलटणमार्गे परतलो. पक्का रस्ता लागल्यावर पहिली दहा मिनिटे सर्वांना बरे वाटले, आणि मग मुलांनी मोबाईल काढले.

अशा सहलीस जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्या. गाडी उंच असावी असे नाही. आमच्यातील एक साधी, दहा वर्षांची जुनी मोटार तिन्हींत विनातक्रार चालली. स्टेपनी मात्र निघण्यापूर्वी हवा भरून तपासावी, कारण वाडीवर पंक्चरवाला नसतो. चाकांतील हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवल्यास हादरे कमी बसतात, परंतु डांबरावर परत येताच ती पुन्हा भरून घ्यावी. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर पायी कोणी पलीकडे जाऊन आल्यावाचून गाडी घालू नये. आणि पाणी गढूळ, ओढीचे असेल तर पायीही जाऊ नये, मुकाट्याने मागे फिरावे. समोरून बैलगाडी वा डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर आपण कडेला उतरावयाचे. प्लास्टिकच्या बाटल्या परत आणाव्या. चहा कोणी दिला तर पैसे देऊ करू नयेत. मुलांसाठी वह्या-पेन्सिली बरोबर असल्या तर त्या चालतात, आणि म्हाताऱ्या माणसांना फोटो छापून टपालाने पाठविला तर तो भिंतीवर लागतो.

काळ म्हणाल तर पौष उत्तम. पावसाळ्यात मुरमाचा रस्ता चिकटतो, वैशाखात माळ भाजून काढतो. हुरडा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळतो. त्यानंतर दाणा कडक होतो.